खेळाडू गेला, पगार राहिला

जुलै 2025 मध्ये एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधला खेळाडू ब्रॅडली बील फिनिक्स सन्स हा संघ सोडून लॉस एंजेलिस क्लिपर्सकडे गेला. सन्सकडून त्याला अजून दोन वर्षांचे मिळून सुमारे 11 कोटी 8 लाख डॉलर यायचे होते. त्यातल्या जवळपास 1 कोटी 39 लाखांवर त्याने पाणी सोडलं, बाकीचे पैसे घेतले आणि मोकळा झाला. एनबीएच्या भाषेत हा बायआउट. पण सोडून दिलेली रक्कम जरा विचित्रच आहे. सरळ दीड कोटी का नाही? एक कोटीवर का भागलं नाही?

हा आकडा घासाघीस करून ठरला नव्हता. सन्सने वर्षभर आधी दोन किरकोळ खेळाडूंना दिलेला निरोप आणि सॅलरी कॅपचा एक बारीकसा नियम, यातून तो जवळजवळ आपोआप बाहेर पडला. तिथवर पोचायला थोडी वाट तुडवावी लागेल.

सुरुवात कॅपपासून. एका हंगामात संघाने खेळाडूंच्या पगारावर किती खर्च करावा याची मर्यादा म्हणजे सॅलरी कॅप. एनबीएत ती 1984-85 च्या हंगामात आली, तेव्हा ती होती 36 लाख डॉलर. 2025-26 साठी ती सुमारे 15 कोटी 46 लाख डॉलर आहे. आपल्याकडे या कल्पनेच्या सगळ्यात जवळ जाते ती आयपीएलच्या लिलावातली पर्स. 2025 च्या हंगामासाठी प्रत्येक संघाकडे 120 कोटी रुपये होते. मात्र दोन्हींत एक मोठा फरक आहे आणि बायआउटचं सगळं रामायण त्यातूनच घडतं. आयपीएलमध्ये हंगाम संपल्यावर संघाने खेळाडूला सोडलं की त्याची किंमत पर्समध्ये परत जमा होते. एनबीएत तसं होत नाही. तिथले करार बहुतेक करून अनेक वर्षांचे आणि खात्रीचे असतात. खेळाडू जखमी झाला, फॉर्म गेला, प्रशिक्षकाशी पटेना, तरी ठरलेला पैसा द्यावाच लागतो. आणि जो पैसा द्यावा लागतो तो कॅपच्या हिशोबात धरला जातो, खेळाडू मैदानावर असो, बाकावर असो वा दुसऱ्याच संघाची जर्सी घालून समोरून खेळत असो. कॅप माणसं मोजत नाही, दिलेला शब्द मोजते.

दुसरा फरक असा की एनबीएची कॅप लवचीक आहे. ती ओलांडता येते. स्वतःच्या खेळाडूला पुन्हा करारबद्ध करायला, किमान पगारावर कुणाला घ्यायला, आणखी काही ठरावीक सवलती वापरायला मुभा आहे. त्यामुळे बरेच संघ कायम कॅपच्या वरच असतात. त्यांना धाक असतो तो त्यापुढच्या रेषांचा. 2025-26 मध्ये लक्झरी टॅक्सची रेषा सुमारे 18 कोटी 79 लाखांवर, पहिला एप्रन 19 कोटी 59 लाखांवर आणि दुसरा एप्रन 20 कोटी 78 लाखांवर आहे. टॅक्सच्या रेषेपलीकडच्या प्रत्येक डॉलरमागे दंड बसतो, आणि जितकं पुढे जाल तितका दंडाचा दर चढतो. एप्रन ओलांडले की पैशांपेक्षा जाचक शिक्षा सुरू होते. दुसऱ्या एप्रनच्या वर असलेल्या संघाला दोन खेळाडूंचे पगार एकत्र करून एक महागडा खेळाडू अदलाबदलीत आणता येत नाही, सौद्यात रोख रक्कम देता येत नाही, आणि सात वर्षांनंतरची पहिल्या फेरीची ड्राफ्ट निवडसुद्धा, म्हणजे नवोदितांमधून खेळाडू निवडण्याचा हक्कही, गोठवला जातो. श्रीमंत मालकाने खिशात हात घातला की प्रश्न मिटतो, ते दिवस लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यातल्या 2023 च्या सामूहिक करारानंतर संपले.

आता बायआउट. एनबीएत चालू करारातला पगार कमी करून घेता येत नाही. ‘या वर्षी थोडं कमी घे, संघाचं भलं होईल’ असं म्हणायला वावच नाही. पगार उतरवायची जवळजवळ एकच वाट उघडी आहे, ती म्हणजे काडीमोड. संघ खेळाडूला सोडतो आणि त्या निरोपाचा भाग म्हणून खेळाडू खात्रीच्या रकमेतला काही हिस्सा सोडायला राजी होतो. खेळाडूने एक छदामही सोडला नाही आणि संघाने तरीही निरोप दिला, तर त्याला नुसतं वेव्ह करणं म्हणतात. दोन्हींतला फरक फक्त त्या सोडलेल्या रकमेचा. बातम्यांत हे दोन्ही शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात.

खेळाडू पैसे का सोडतो? कारण बहुतेकदा तो तेच पैसे दुसऱ्या दारातून परत मिळवतो. जॉन वॉलचं उदाहरण बघा. 2021-22 चा अख्खा हंगाम ह्यूस्टन रॉकेट्सने त्याला घरी बसवलं, कारण त्यांना तरुण पोरांना खेळवायचं होतं. पुढच्या वर्षाचे त्याचे सुमारे 4 कोटी 74 लाख डॉलर ठरलेले होते. 2022 च्या उन्हाळ्यात त्याने त्यातले 65 लाख सोडले आणि क्लिपर्सशी करार केला. तिथला पहिल्या वर्षाचा पगार? जवळपास तेवढाच. वॉलच्या खिशाला तोशीस पडली नाही, वर खेळायला मिळालं. रॉकेट्सच्या हिशोबातून 65 लाख उतरले, पण उरलेले चार कोटींहून जास्त डॉलर त्या वर्षभर त्यांच्या कॅपवर बसून राहिले. ह्यूस्टनसाठी त्या रकमेत कुणी खेळत नव्हतं. अशा रकमेला तिकडे डेड मनी म्हणतात.

निरोप दिला म्हणून खेळाडू लगेच कुठेही जाऊ शकत नाही. आधी 48 तास तो वेव्हर्सवर असतो. त्या वेळात दुसरा कुठलाही संघ त्याचा करार आहे तसा उचलू शकतो, अट इतकीच की तो पगार सामावून घेण्याइतकी जागा किंवा सवलत त्या संघाकडे हवी. महागड्या खेळाडूला असं कुणी उचलत नाही. 48 तास सरले की तो मोकळा. 1 मार्चची तारीखही लक्षात ठेवण्यासारखी आहे. त्या तारखेपर्यंत जुन्या संघाने सोडलं नाही, तर तो खेळाडू त्या वर्षी नव्या संघाकडून प्लेऑफमध्ये उतरू शकत नाही. फेब्रुवारीत अदलाबदलीची मुदत संपली की दोन-तीन आठवडे बायआउटच्या बातम्यांचा पाऊस पडतो, तो या तारखेमुळे.

जुन्या संघाच्या पदरात आणखी थोडंसं पडू शकतं, त्याला सेट-ऑफ म्हणतात. सोडलेल्या खेळाडूला नव्या संघाने चांगला पगार दिला, तर त्यातला काही भाग जुन्या संघाच्या देण्यातून वजा होतो. सूत्र असं: नवा पगार घ्यायचा, त्यातून एक वर्ष अनुभव असलेल्या खेळाडूचा किमान पगार वजा करायचा आणि उरलेल्याचं निम्मं. नवा पगार 1 कोटी असेल आणि तो किमान पगार सोयीसाठी 20 लाख धरला, तर जुन्या संघाचे 40 लाख वाचतात. बायआउट करताना हा हक्क सोडून देण्याची बोलणीही होऊ शकतात. किमान पगारावर खेळणाऱ्यांच्या बाबतीत या रकमेत फारसा दम नसतो, त्यामुळे चाहते सहसा तिच्याकडे बघतही नाहीत.

इथवरचा मामला सरळ आहे. खरी गंमत स्ट्रेचमध्ये आहे.

2011 च्या सामूहिक करारात संघांना एक सोय मिळाली. सोडलेल्या खेळाडूचं उरलेलं देणं लांबवायचं: कराराची जितकी वर्षं शिल्लक, त्याची दुप्पट अधिक एक, इतक्या वर्षांत समान भाग पाडायचे. एक वर्ष राहिलं असेल तर तीन, दोन राहिली तर पाच, तीन राहिली तर सात. चक्क बिनव्याजी हप्ते. 31 ऑगस्टच्या आत निरोप दिला तर समोर आलेल्या हंगामाचा पगारही या हप्त्यांत धरता येतो. 1 सप्टेंबर उजाडला की त्या हंगामाचा पगार पूर्णच मोजायचा, फक्त पुढच्या वर्षांचे तुकडे होतात.

डेट्रॉइट पिस्टन्सने हे हत्यार ज्या तऱ्हेने वापरलं ते आजही चर्चेत येतं. 2013 मध्ये त्यांनी जॉश स्मिथला चार वर्षांसाठी 5 कोटी 40 लाख डॉलर कबूल केले. पुढच्याच वर्षी डिसेंबरपर्यंत संघाची अवस्था 5 विजय आणि 23 पराभव अशी झाली. प्रशिक्षक आणि बास्केटबॉल विभागाचे प्रमुख अशा दोन्ही खुर्च्यांवर असलेल्या स्टॅन व्हॅन गंडी यांनी स्मिथला हंगामाच्या मध्यावरच नारळ दिला. महिना डिसेंबर, म्हणजे 2014-15 चा पगार पूर्ण मोजला गेला. उरलेल्या दोन वर्षांचे 2 कोटी 70 लाख पाच वर्षांवर पसरले, वर्षाला 54 लाख. शेवटचा हप्ता 2019-20 मध्ये. स्मिथ एनबीएत शेवटचा खेळला 2017 मध्ये. त्यानंतरही डेट्रॉइटच्या वहीत त्याचं नाव होतंच. निर्णय चुकला असं मात्र म्हणवत नाही. त्याला सोडल्यावर पिस्टन्सने लागोपाठ सात सामने जिंकले. धोंड गळ्यातून काढायची किंमत असते. प्रश्न ती कोणत्या वर्षी मोजायची एवढाच असतो.

लेकर्सचंही तसंच. लुओल डेंगला त्यांनी 2018 च्या सप्टेंबरच्या सुरुवातीला सोडलं आणि त्याच्या शेवटच्या वर्षाचा पगार वर्षाला 50 लाख असा तीन वर्षांवर पसरला. 2020 मध्ये लेकर्स अजिंक्य ठरले, तेव्हा निवृत्त झालेल्या डेंगचे 50 लाख त्यांच्या त्या हंगामाच्या हिशोबात होते.

या सगळ्यांवर ताण केली ती मिलवॉकी बक्सने, 2025 च्या उन्हाळ्यात. एप्रिलमध्ये प्लेऑफदरम्यान डेमियन लिलार्डची टाच आणि पोटरी जोडणारी अकिलीस शीर तुटली. या दुखापतीत पुढचा जवळजवळ सगळा हंगाम हातचा जातो. त्याच्या कराराची दोन वर्षं शिल्लक, देणं सुमारे 11 कोटी 26 लाख. बक्सने त्याला सोडलं आणि ती रक्कम पाच वर्षांवर पसरली. त्याचा 2025-26 चा पगार 5 कोटी 41 लाख होता, तो एका झटक्यात सव्वादोन कोटींवर आला. मोकळ्या झालेल्या तीन कोटींहून जास्त जागेत त्यांनी इंडियाना पेसर्सच्या माइल्स टर्नरला चार वर्षांसाठी 10 कोटींहून अधिकचा करार दिला. (पेसर्स 2019 मध्ये मुंबईत वरळीच्या डोममध्ये सॅक्रामेंटो किंग्जशी दोन सामने खेळले, तेव्हाही टर्नर त्यांच्याच संघात होता.) लिलार्डने एकही डॉलर सोडला नाही. उलट तो आपल्या जुन्या घरी, पोर्टलंडला, तीन वर्षांच्या 4 कोटी 20 लाखांच्या करारावर परतला.

बक्सनी काय दिलं ते नीट बघण्यासारखं आहे. लिलार्डला ठेवला असता तर 2027-28 पासून त्यांच्या वहीत त्याच्या नावासमोर शून्य असतं. आता तिथे 2029-30 पर्यंत दरवर्षी सव्वादोन कोटी आहेत. अर्थात कॅप दरवर्षी वाढते. 2024-25 च्या 14 कोटी 6 लाखांवरून ती थेट 10 टक्क्यांनी वाढली. एका वर्षात त्याहून जास्त वाढ सामूहिक करारानुसार होऊच शकत नाही. समजा इथून पुढे ती वर्षाला 7 टक्क्यांनी वाढली, तर 2029-30 मध्ये ती 20 कोटींच्या पुढे असेल. आज साडेचौदा टक्के जागा खाणारा हप्ता तेव्हा साधारण 11 टक्के खाईल. लांबवण्याचा मोह होतो तो यामुळेच. हप्ता तोच राहतो आणि भोवतालचं सगळं महाग होत जातं. माझं मत विचाराल तर बक्सकडच्या यानिस अँटेटोकुम्पोसारखा खेळाडू ऐन भरात असताना संघाने असा जुगार खेळणं समजू शकतं. तसा खेळाडू नसताना हाच डाव निव्वळ आततायीपणा ठरला असता.

आता बीलकडे वळू. त्याचंही गणित वरवर लिलार्डसारखंच: दोन वर्षं शिल्लक, 11 कोटी 8 लाखांचं देणं, पाच वर्षांवर पसरलं की वर्षाला सुमारे 2 कोटी 22 लाख. मग लिलार्डने काहीच सोडलं नाही आणि बीलने इतकं का सोडलं?

कारण स्ट्रेचलाही कुंपण आहे. अशा पसरलेल्या देण्यांची एका वर्षातली एकूण बेरीज कॅपच्या 15 टक्क्यांपेक्षा जास्त होता कामा नये. 2025-26 ची कॅप धरली तर ही हद्द सुमारे 2 कोटी 32 लाख. लिलार्डचे सव्वादोन कोटी त्यात जेमतेम बसले. बीलचे 2 कोटी 22 लाखही एकटे असते तर बसले असते, पण ते एकटे नव्हते. 2024 च्या ऑगस्टमध्ये सन्सने नासिर लिटल आणि ई. जे. लिडेल या दोघांना सोडलं होतं आणि दोघांचे पैसे लांबवले होते. लिटलची तीन वर्षं शिल्लक होती, म्हणून त्याचा हप्ता सात वर्षांचा, वर्षाला सुमारे 31 लाख. लिडेलचा तीन वर्षांचा, सुमारे 7 लाख. दोन्ही मिळून 38 लाख. तेव्हा या बातमीकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नसेल.

आता वजाबाकी करा. 2 कोटी 32 लाखांतून 38 लाख गेले, उरले 1 कोटी 94 लाखांना किंचित कमी. बीलचा हप्ता यापेक्षा एका डॉलरनेही मोठा चालणार नव्हता. त्याची पाचपट सुमारे 9 कोटी 69 लाख. मूळ देणं 11 कोटी 8 लाख. मधला फरक 1 कोटी 39 लाख. बीलने नेमके तेवढेच सोडले.

यात बीलची बाजू किती भक्कम होती तेही बघा. 2022 मध्ये वॉशिंग्टन विझार्ड्सने त्याला पाच वर्षांचा सुमारे 25 कोटी डॉलरचा करार देताना एक दुर्मीळ कलम दिलं होतं: त्याच्या मर्जीशिवाय त्याला दुसऱ्या संघाकडे पाठवता येणार नाही. 2023 मध्ये तो सन्सकडे आला तेव्हा हे कलमही सोबत आलं. त्यामुळे त्याला अदलाबदलीत खपवणं सन्सच्या एकट्याच्या हातात नव्हतं, आणि तो बसून राहिला तर दोन वर्षं पूर्ण पगार द्यावा लागणार होता. तरीही त्याने पैसे सोडले, कारण सोडले नसते तर स्ट्रेच होणारच नव्हता, आणि स्ट्रेच नसेल तर सन्सना त्याला सोडण्यात काहीच रस नव्हता. क्लिपर्सने त्याला दोन वर्षांचे सुमारे 1 कोटी 10 लाख दिले. म्हणजे सोडलेल्यातला बराचसा भाग परत आला.

बक्स आणि सन्स या दोघांनी एकच हत्यार वापरलं, पण शिकार वेगवेगळी होती. बक्सना कॅपच्या खाली येऊन बाहेरचा खेळाडू विकत घ्यायचा होता. सन्स बीलला सोडूनही कॅपच्या वरच राहिले. मोकळी जागा त्यांना नकोच होती. त्यांना टॅक्सच्या आणि दोन्ही एप्रनच्या रेषांखाली उतरायचं होतं, ते साधलं. बायआउट झाला की ‘आता यांच्याकडे पैसे आले, कुणाला घेणार?’ अशी चर्चा लगेच झडते. संघ आधीच कॅपच्या बराच वर असेल तर या चर्चेला अर्थ नसतो. तिथे वाचतो तो टॅक्स, आणि सुटतात ती बंधनं.

राहिला प्रश्न घेणाऱ्या संघांचा. 2021 च्या मार्चमध्ये ब्लेक ग्रिफिनने पिस्टन्सकडे 1 कोटी 33 लाख सोडले, लामार्कस आल्ड्रिजने सॅन अँटोनियो स्पर्सकडे साडेबहात्तर लाख, आणि दोघेही किमान पगारावर एकाच दारात जाऊन उभे राहिले: ब्रुकलिन नेट्स. तिथे केविन ड्युरंट, जेम्स हार्डन आणि कायरी अर्व्हिंग आधीच होते. एकेकाळचे ऑल-स्टार खेळाडू, पगाराचा मुख्य भार गरीब संघांच्या कॅपवर, खेळणार मात्र सगळ्यात बलाढ्य संघासाठी. बाकीच्यांचा जळफळाट होणं साहजिक होतं.

2023 च्या सामूहिक करारात यावर उतारा आला. पहिल्या एप्रनच्या वर असलेल्या संघाला हंगामादरम्यान सोडलेला महागडा खेळाडू घेता येत नाही. महागडा म्हणजे सोडण्याआधी ज्याचा पगार मिड-लेव्हल सवलतीच्या (कॅपच्या वर असतानाही खेळाडू घेऊ देणाऱ्या सवलतींपैकी एक) रकमेपेक्षा, म्हणजे 2025-26 मध्ये सुमारे 1 कोटी 41 लाखांपेक्षा, जास्त होता तो. हा नियम 2021 मध्ये असता तर ग्रिफिन आणि आल्ड्रिज दोघांनाही ब्रुकलिनचं दार बंद असतं. मात्र नियमातले शब्द नीट वाचायला हवेत: हंगामादरम्यान सोडलेला. बीलला सोडलं ते जुलैत. एप्रनच्या वरच्या एखाद्या संघाने त्याला किमान पगारावर बोलावलं असतं, तरी या नियमाने त्याला अडवलं नसतं.